ओल्यात दिसली म्हणून ती मार्श व्हायलेट होत नाही

एप्रिल संपत आला की न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांचे ट्रेलवरचे फोटो यायला लागतात, ओढ्याच्या काठाला व्हायलेटची जांभळी रानफुलं, आणि खाली लगेच कोणीतरी लिहितं मार्श ब्लू व्हायलेट. कशावरून? तर म्हणे पाण्याजवळ होती. दरवर्षी हेच बघून वैताग येतो म्हणून आज नीट लिहिते.

गोंधळ होतो तो दोन व्हायलेटमध्ये. कॉमन ब्लू व्हायलेट, म्हणजे व्हायोला सोरोरिया, तुम्हाला माहितीच आहे. लॉनमधली, बदामाच्या आकाराच्या पानांची, न्यू जर्सीचं राज्यफूल. पण ती काही लॉनपुरती नाहीये, ओलसर रानात आणि ओढ्याकाठीसुद्धा मस्त वाढते. मार्श ब्लू, म्हणजे व्हायोला कुकुलाटा, मात्र झरे, दलदल, ओढ्याचे काठ सोडून सहसा जात नाही. त्यामुळे कोरड्या लॉनवर कुकुलाटा नाही म्हणायला हरकत नाही, पण ओल्यात दोन्ही असू शकतात!

खरी खूण फुलाच्या आत आहे. पाच पाकळ्यांतल्या डाव्या-उजव्या दोन पाकळ्या घ्या, घशाजवळ, म्हणजे फुलाच्या मधल्या तोंडाशी, त्यांच्यावर पांढरट केसांचा झुपका असतो, तो दहापटीच्या भिंगातून बघा. सोरोरियाचे केस लांब, बारीक, दोऱ्यासारखे, टोकापर्यंत निमुळते. कुकुलाटाचे आखूड आणि टोकाला फुगलेले, अगदी मारुतीच्या गदेसारखे. एकदा ती गदा डोळ्यांनी पाहिलीत की परत चुकणार नाही. फोनच्या मॅक्रोमध्येही बऱ्याचदा दिसतं, फक्त फूल समोरून आणि जवळून घ्या, वरून काढलेल्या फोटोवर मी तरी नाव सांगत नाही.

सोबत हेही बघा, कुकुलाटाच्या घशाभोवती बहुतेक वेळा गडद जांभळी छटा असते, आणि खालची पाकळी बाजूच्या दोघींपेक्षा आखूड. फुलं पानांच्या बरीच वर उंच देठावर येतात हेही खरं, पण फक्त उंचीवर जाऊ नका, गवतात दाटीने वाढलेली सोरोरियाही मान वर काढते.

रंगावरून तर अजिबात ठरवू नका, पांढरट फुलं दोन्हींत येतात.

फुलांचा सीझन गेला असेल तरी मार्ग आहे, आणि हा मला सगळ्यात आवडतो. उन्हाळ्यात दोघींनाही न उमलणाऱ्या कळ्या येतात, ज्यांच्यात आतल्या आत बी धरतं. सोरोरियात त्या जमिनीलगत आडव्या, पाचोळ्याखाली लपलेल्या असतात, हाताने पाचोळा सारावा लागतो. कुकुलाटात लांब देठावर सरळ उभ्या.

आणि केस धड दोऱ्यासारखे नाहीत, धड गदेसारखे नाहीत असं झालं तर? या दोघींचे संकर होतात. अशा वेळी मी वहीत नुसतं व्हायोला लिहिते, आणि उन्हाळ्यात परत जाऊन कळ्या बघते.