दोन ‘टी’ आणि मध्ये पारा

गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत एक मिलिग्रॅम पारा विरघळलाय असं समजा. म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक थेंब. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाला चालतो तो एवढाच, लिटरमागे 0.001 मिलिग्रॅम. तो ना दिसतो, ना चवीला कळतो. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अहवालाची वाट पाहायची.

हीच तपासणी नदीकाठी उभ्या उभ्या व्हावी म्हणून संशोधकांनी डीएनएला कामाला लावलंय. आनुवंशिकतेशी इथे काडीचाही संबंध नाही. हवाय तो डीएनएचा जोड्या जमवण्याचा स्वभाव. त्याच्या धाग्यावर चार घटक ओळीने बसलेले असतात, ‘ए’, ‘टी’, ‘सी’ आणि ‘जी’. ‘ए’ची जोडी ‘टी’शी, ‘सी’ची ‘जी’शी. ‘टी’समोर ‘टी’ आला तर जमत नाही. पण मध्ये पाऱ्याचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, शिरला, की दोन्ही ‘टी’ आपापला एक हायड्रोजन सोडतात आणि त्याला दोन बाजूंनी धरतात. शिसं, कॅडमियम यांना ती जागा फारशी मानवत नाही. जपानमध्ये अकिरा ओनो आणि सहकाऱ्यांनी 2004 साली या मध्यस्थीवर पाऱ्याचा संवेदक (सेन्सर) बेतला. त्यात खूण प्रकाशाची होती; विजेची नंतर आली.

विजेच्या संवेदकात सोन्याचा इवलासा इलेक्ट्रोड, म्हणजे वीज ने-आण करणारा तुकडा, असतो. ‘टी’ भरपूर असलेला डीएनएचा धागा गंधकाच्या शेपटीने त्याला चिकटवतात. (चांदीला काळं पाडणारं गंधक ते हेच.) मोकळ्या टोकाला मिथिलीन ब्लूचा रेणू, माशांच्या औषधातला तो निळा रंग. पारा नसेल तर धागा पाण्यात सैल डुलत राहतो. पारा आला की तो केसांतल्या आकड्यासारखा दुमडतो, निळा रेणू सोन्याजवळ येतो, इलेक्ट्रॉनची देवघेव वाढते. तो वाढलेला प्रवाह मोजायचा. रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राचंच हे भावंड.

सोन्याची निवड मात्र मला जरा धाडसाची वाटते. अंगठी घालून पाऱ्याला हात लावू नये, हे कुठलाही सोनार सांगेल. इथेही विजेचा दाब चुकला, तर आयनाचा पुन्हा धातू होऊन तो इलेक्ट्रोडच्या सोन्यातच मुरतो.

दुसरी अडचण याहून मोठी. जपानच्या मिनामातामध्ये 1956 साली उघडकीला आलेल्या आजाराचं मूळ होतं कारखान्याच्या सांडपाण्यातून माशांत साठलेलं मिथिल मर्क्युरी. त्यातल्या पाऱ्याचा एक हात मिथिलने, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या एका छोट्या गटाने, आधीच धरलेला असतो. उरलेल्या एका हाताने दोन ‘टी’ बांधता येत नाहीत, धागा दुमडत नाही. माशातला पारा या संवेदकाने मोजायचा, तर आधी त्याचं मिथिल तोडावं लागतं आणि त्यासाठी मासा पुन्हा प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.