दुर्बल राज्यांतील स्थानिक शासनसुधारणा

युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या किंवा सरकारचा अंमल राजधानीबाहेर जेमतेम चालणाऱ्या देशांत गावपातळीवरील अधिकार, निधी आणि न्यायदान यांची नव्याने घडी बसवून हिंसाचाराची कारणे कमी करण्याचा प्रयत्न. सामान्य माणसाला राज्यसंस्था भेटते ती कर घेणाऱ्या, तंटा सोडवणाऱ्या आणि जमिनीचा हक्क ठरवणाऱ्या माणसाच्या रूपात. तिथेच अन्याय झाला, तर दाद मागायला दुसरी जागा उरत नाही.

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये हे स्पष्ट दिसते. सियाका स्टीव्हन्स यांच्या राजवटीत १९७२ साली स्थानिक परिषदा बरखास्त झाल्या. सत्ता राजधानी फ्रीटाउनमध्ये एकवटली आणि ग्रामीण भाग परंपरागत प्रमुखांच्या हाती राहिला. त्यांनी लावलेले अवाच्या सवा दंड आणि लादलेली वेठ यांमुळे तरुणांमध्ये रोष साठत गेला. १९९१ ते २००२ या काळातील यादवीच्या कारणांमध्ये अनेक अभ्यासक त्याची गणना करतात. २००४ च्या कायद्याने १९ निर्वाचित परिषदा पुन्हा उभ्या राहिल्या. प्रमुखपद मात्र तहहयात आणि ठरावीक घराण्यांपुरतेच राहिले. जमिनीवरील प्रमुखांची पकडही सुटली नाही, आणि स्थानिक कराच्या वाट्यावरून परिषदांशी त्यांचे खटके उडू लागले. ज्या सत्तेविरुद्ध तरुणांची मूळ तक्रार होती, तिला सुधारणेने फारसा हातच लावला नाही.

अधिकार खाली नेणे म्हणजे नवे जिल्हे किंवा राज्ये आखणे नव्हे. दक्षिण सुदानमध्ये ऑक्टोबर २०१५ मध्ये अध्यक्ष साल्वा कीर यांनी एका हुकमाने १० राज्यांची २८ केली. सीमा आखताना जमातींच्या जमिनींचा प्रश्न पेटला. मलाकल शहर कोणाचे, यावरून शिल्लुक आणि डिंका या जमातींमधील वैर वाढले. शेवटी २०२० मध्ये पुन्हा १० राज्यांवर यावे लागले.

नेपाळमध्ये सशस्त्र संघर्ष २००६ मध्ये संपला, तरी स्थानिक निवडणुकांना २०१७ उजाडले. त्याआधीची निवडणूक १९९७ मधली. नव्या ७५३ स्थानिक संस्थांत प्रत्येक वॉर्डातून एका दलित स्त्रीसह किमान दोन स्त्रिया निवडून येतात. बांध, पाण्याचा वाटा, थकलेली मजुरी असे तंटे स्थानिक संस्थेच्या उपप्रमुखाच्या अध्यक्षतेखालील न्यायिक समितीपुढे येतात, आणि २०१७ मध्ये निवडून आलेल्या उपप्रमुखांमध्ये बहुसंख्य स्त्रिया होत्या.