लेखक-दिग्दर्शक (गोवा)

स्वतः लिहिलेली संहिता रंगमंचावर किंवा पडद्यावर स्वतःच उभी करणारा कलावंत. एरवी लेखक चार पुस्तकांनंतर कॅमेऱ्यामागे जातो आणि त्याची बातमी होते. गोव्यात ही दोन्ही कामे बहुधा सुरुवातीपासूनच एकाच्या गळ्यात पडलेली असतात.

याचे मूळ जत्रेतल्या मराठी नाटकांत सापडते. तालमी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, चालत. नटाच्या हाती पुरते नाटक येत नसे. त्याची वाक्ये आणि समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द उतरवलेली ‘नक्कल’ तेवढी मिळे. गावातल्याच कुणी नाटक लिहिलेले असले, तर ते सबंध त्याच्याच डोक्यात असायचे. मग बसवणार दुसरा कोण? कोकणी तियात्रातही, म्हणजे गाण्यांसह रंगणाऱ्या लोकप्रिय नाट्यप्रकारातही, हाच रिवाज आहे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत लुकाझिन रिबेरो यांच्या प्रयोगाने सुरू झालेल्या या प्रकारात लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख नट पुष्कळदा एकच असतो, शिवाय कांतारां म्हणजे त्यातली गाणीही तोच रचतो.

चित्रपटात हे इतके सरळ जमत नाही. संहितेत ‘तिला राग आला’ एवढे पुरते. चित्रीकरणात मात्र हातातली कळशी ती ठेवते की आपटते, हे ठरवावेच लागते. शब्दांवर जीव असलेला लेखक इथेच अडतो आणि पात्राला जास्त बोलायला लावतो. तियात्रातून आलेल्यांचे चित्रपट कधीकधी बोलके वाटतात ते त्यामुळेच.

पहिला कोकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ (१९५०) अल जेरी ब्रागांझा यांनी दिग्दर्शित केला. परदेशी महोत्सवांत नाव झालेला ‘पल्तडचो मुनिस’ (२००९) मात्र वरच्या रिवाजात बसत नाही : कथा महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीची, दिग्दर्शन लक्ष्मीकांत शेटगावकर यांचे. जंगलातला एकाकी वनरक्षक आणि त्याच्या आसऱ्याला आलेली वेडसर बाई यांच्या या गोष्टीला टोरांटो महोत्सवात समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. लेखकाने कादंबरी दुसऱ्याच्या हाती सोपवली, हे बरेच झाले म्हणायचे.

२००४ पासून इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) पणजीत भरू लागल्यावर नव्या मुलांना जगभरचे चित्रपट घराजवळ पाहायला मिळू लागले. प्रेक्षक मात्र मोजकाच. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. त्यामुळे पोटासाठी पुष्कळजण मुंबईच्या मराठी मालिकांकडे वळतात. तिथे कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेयनामावलीतही वेगवेगळी नावे असतात, आणि संवाद लिहून देणाऱ्याला सेटवर बोलावतातच असे नाही.