वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन कॉलेजपर्यंत कसे पोहोचले?

जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने जेमतेम पाच वाक्यांचे एक पत्र छापले. रुग्णालयात अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या अवघ्या चौघांना ते जडल्याची नोंद सापडली, एवढाच त्यातला मजकूर. हे सगळे दाखल रुग्ण होते, डोस मोजून मिळत होता. घरी गोळ्यांची बाटली घेऊन गेलेल्यांचे काय होते, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हते. तरीही पुढे ६०० हून अधिक लेखांनी त्याचा हवाला दिला आणि 'खरे दुखणे असेल तर सवय लागत नाही' हा समज पक्का झाला.

ऑक्सिकोडोन हे अफूवर्गीय वेदनाशामक तसे जुनेच, १९१६ मध्ये जर्मनीत तयार झालेले. १९९६ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू कंपनीने ते 'ऑक्सिकॉन्टिन' या नावाने, बारा तास हळूहळू विरघळणाऱ्या गोळीत आणले. साध्या गोळीत ५ मिलिग्रॅम असते, हिच्यात ८० पर्यंत. हळू शोषण होत असल्याने गैरवापर कमी होईल असे मानले जाते, असे माहितीपत्रकातच छापले होते. घडले उलटेच. गोळी फोडली की बारा तासांचे औषध एकदम सुटते. ते वाक्य २००१ मध्ये काढले गेले आणि २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. २०१० मध्ये सहज न फुटणारी गोळी आली, तेव्हा अनेक जण हेरॉइनकडे वळले.

विद्यार्थ्याची पहिली गोळी बहुधा रीतसर चिठ्ठीवरच येते: अक्कलदाढ काढलेली असते किंवा खेळताना हाड मोडलेले असते. चिठ्ठी वीस गोळ्यांची, गरज दोन-तीन दिवसांची. उरलेल्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात आणि परीक्षेच्या ताणात, निद्रानाशात रूममेटच्या हाती लागतात. (दाढेच्या दुखण्याला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून बहुतेकांना पुरते.)

रोज घेत गेले की काही आठवड्यांत शरीर सरावते. मग गोळी चुकली की साधारण ८ ते २४ तासांत जांभया, नाक गळणे, अंगावर काटा, जुलाब सुरू होतात. मुलाला वाटते फ्लू झाला. एक गोळी घेतली की तासाभरात सगळे थांबते, आणि इथेच तो अडकतो. गुंगीला शरीर लवकर सरावते, श्वास मंदावण्याला तितके सरावत नाही, त्यामुळे डोस वाढवताना धोक्याचे अंतर कमी होत जाते. दारू किंवा झोपेची गोळी सोबत असली तर ते आणखी घटते. महिनाभर बंद ठेवले की शरीराचा सराव मोडतो, म्हणून पुन्हा जुनाच डोस घेणारे दगावतात.

गेल्या दशकात बनावट गोळ्यांची भर पडली. रंग, छाप हुबेहूब, आत फेंटॅनिल हे अतितीव्र अफूवर्गीय औषध. सराव नसलेल्याला त्याचे २ मिलिग्रॅमही जीवघेणे ठरू शकते. श्वास घुटमळतो, ओठ निळे पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. अशा वेळी आधी रुग्णवाहिका बोलवायची, मग नालोक्सोनचा (अफूवर्गीय औषधाचा असर रोखणाऱ्या उताऱ्याचा) ४ मिलिग्रॅमचा फवारा एका नाकपुडीत मारायचा आणि दोन-तीन मिनिटांत फरक न पडल्यास दुसरा. अमेरिकेत २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो, गोळीचा मात्र बराच वेळ राहू शकतो. म्हणून शुद्धीवर आलेल्याला 'आता झोप' म्हणून एकटे सोडायचे नसते.