छडीला आडोसा देणारे कलम

शाळेत मुलांना मारायला बंदी आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही असे प्रकरण कोर्टात गेले की बचावासाठी १८६० च्या दंडसंहितेतली तरतूद पुढे केली जाते.

त्या संहितेचे कलम ८९ सांगते, की बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी, सद्भावनेने, पालकाने किंवा त्याच्या संमतीने केलेली कृती गुन्हा नाही. सोबतचे उदाहरण मुतखड्याचे आहे. मूल दगावू शकते हे माहीत असूनही ते बरे व्हावे म्हणून बाप शस्त्रक्रिया करवून घेतो. शाळा, शिक्षक, छडी यांचा तिथे उल्लेखही नाही. मुलाला शाळेत घातले म्हणजे पालकाने शिक्षेचा अधिकार गुरुजींच्या हाती दिला, हा इंग्लंडमधला विचार इथल्या निकालांतून आला आणि 'माफक' मार या कलमाखाली झाकला गेला. बारा वर्षांवरच्यांसाठी कलम ८८ पुढे केले गेले. त्यात मार खाणाऱ्याचीच संमती लागते. तीही शाळाप्रवेशातून गृहीत धरली गेली. कोणता विद्यार्थी तळहातावर वळ उठवून घ्यायला संमती देतो? खडा काढल्याने मूल बरे होते, मारल्याने त्याचे काय भले होते, हा मूळ प्रश्न या युक्तिवादात मागेच पडला.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा हद्दपार करायचे ठरवले. १९९२ मध्ये भारताने बालहक्क करार स्वीकारला. २००० मध्ये राजधानीतल्या उच्च न्यायालयाने छडीला मुभा देणारा तिथला शालेय नियम रद्द केला. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले. हा कायदा एप्रिल २०१० पासून लागू आहे.

पण कलम १७ मोडणाऱ्यावर त्या कायद्यात कारवाई आहे ती फक्त सेवानियमांनुसार, म्हणजे खात्यांतर्गत. तुरुंगवास नाही, दंडही नाही. कायद्याचा आवाका सहा ते चौदा वयापुरता, त्यामुळे दहावीतला बहुतेक वर्ग बाहेर. २०१४ च्या घटनापीठाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा या कायद्यातून वगळल्या. २०१५ च्या बालन्याय कायद्याने शारीरिक शिक्षेला थेट दंड आणि कैद ठेवली, तीही निरीक्षणगृहे, बालगृहे अशा संस्थांपुरती.

जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली. जुनी ८८ आणि ८९ ही कलमे तिच्यात २६ आणि २७ या क्रमांकांनी आली आहेत, मुतखड्याच्या उदाहरणासकट. शाळेतल्या शिक्षेला ती लागू नाहीत, एवढे एक वाक्य त्यात घालायला हवे होते. ते घातले गेले नाही.