वय 15 ते 39 : बेळगाव सीमाभागातल्या तरुण कॅन्सररुग्णांची पार्श्वभूमी

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे असेल किंवा घराघरात एखादा फौजी असल्यामुळे असेल, आमच्याकडच्या पोरांना सतरा-अठराव्या वर्षी भरतीचे वेध लागतात. पहाटे मैदानावर 1600 मीटरची धाव, मग जोर-बैठका, संध्याकाळी पुन्हा तालीम. अशा पोराचा गुडघा दुखायला लागला तर घरात कुणालाच नवल वाटत नाही. "गुडघा दुखुलालाय" म्हटल्यावर आई हळद-तेल लावते, वस्ताद चार दिवस विश्रांती घ्यायला सांगतो आणि मग गाडी हाड बसवणाऱ्याकडे वळते. तो चोळतो, ओढतो, पट्टी बांधतो. जवळपास सगळ्याच पोरांचा गुडघा बराही होतो. क्वचित एखाद्याच्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, नेमकं गुडघ्याच्या वर, ऑस्टिओसार्कोमा वाढत असतो.

हा हाडाचा कॅन्सर उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात जास्त दिसतो आणि गुडघ्याच्या आसपासची हाडं ही त्याची नेहमीची जागा. मुरगळीचं दुखणं विश्रांतीने उतरतं. हे दुखणं रात्री झोपेतून उठवतं, आठवड्यागणिक वाढतं, मग सूज दिसू लागते. दोन-तीन आठवड्यांत न थांबलेल्या अशा दुखण्याचा साधा एक्स-रे काढला तरी बहुतेक वेळा संशय येतो. तो काढायला महिने लागतात आणि तेवढ्यात चोळून चोळून गाठ सुजवलेली असते. पुढे आणखी एक धोका आहे, तो फारच कमी लोकांना माहीत असतो. गाठीचा तुकडा तपासणीसाठी चुकीच्या जागेतून काढला, तर वाचू शकणारा पाय कापावा लागू शकतो. म्हणून जो सर्जन शेवटी शस्त्रक्रिया करणार आहे त्यानेच बायोप्सीची जागा ठरवावी, असा या क्षेत्रातला नियम आहे.

तरुणांचा कॅन्सर म्हणजे म्हाताऱ्यांच्या कॅन्सरची लवकर आलेली आवृत्ती नव्हे. पंधरा ते वीसच्या वयात रक्ताचा कॅन्सर, लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, हाडांचे आणि स्नायूंचे सार्कोमा, मेंदूतल्या गाठी, अंडकोषाच्या आणि बीजांडकोशाच्या गाठी जास्त. पंचविशी ओलांडली की थायरॉइड, स्तन, गर्भाशयमुख येतात आणि आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर येतो. जगभरात 15 ते 39 या वयात दरवर्षी 12 ते 13 लाख लोकांना कॅन्सर होतो. यातले बरेचसे प्रकार बरे होणारे आहेत, आणि वेळ गेल्याची हळहळ म्हणूनच जास्त वाटते.

15 ते 39 हा गट कुणी आणि का पाडला, ही गोष्ट जुनी नाही. 1947-48 मध्ये बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना अमिनोप्टेरिन दिलं आणि काही मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला. कॅन्सरवरच्या औषधोपचाराचा इतिहास बराचसा तिथून मोजला जातो. 1962 साली अमेरिकेत सेंट ज्यूड रुग्णालय सुरू झालं, तिथे डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र आणि दीर्घकाळ देण्याची पद्धत बसवली. आज श्रीमंत देशांत या आजाराची दहातली नऊ मुलं बरी होतात. मुलांचे डॉक्टर एकत्र आले, देशभर एकाच पद्धतीने उपचार देऊ लागले, प्रत्येक मुलाची नोंद ठेवू लागले. दुसरीकडे स्तन, फुप्फुस, आतडं यांच्या कॅन्सरवर मोठ्यांच्या डॉक्टरांनी भर दिला, कारण त्यांच्याकडे येणारे रुग्ण साठीचे होते.

मधल्या वयालाही मोठे विजय मिळाले, हे मान्य करायलाच हवं. 1974 मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी अंडकोषाच्या पसरलेल्या कॅन्सरवर सिसप्लाटिन इतर औषधांबरोबर वापरलं, आणि विशी-तिशीतल्या पुरुषांचा जीव घेणारा तो आजार बहुतांशी बरा होऊ लागला. हॉजकिन लिम्फोमाचंही तसंच झालं. ऑस्टिओसार्कोमात पूर्वी पाय कापूनही पाचातला जेमतेम एक जण जगायचा, कारण फुप्फुसात पेशी आधीच पोहोचलेल्या असत. सत्तरच्या दशकात शस्त्रक्रियेला केमोची जोड मिळाली आणि निम्म्याहून जास्त वाचू लागले. कॅनडाचा टेरी फॉक्स याच काळातला. 1977 मध्ये, अठराव्या वर्षी, त्याचा पाय गेला. 1980 मध्ये कृत्रिम पायावर तो 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला. कॅन्सर फुप्फुसात परतल्यामुळे त्याला थांबावं लागलं आणि 1981 मध्ये, बाविसाव्या वर्षी, तो गेला.

नव्वदच्या दशकात आर्ची ब्लेयर या डॉक्टरांनी आकडे वयानुसार मांडायला सुरुवात केली, तेव्हा मुलं आणि वयस्क यांच्या तुलनेत मधल्या वयाची सुधारणा मागे पडल्याचं समोर आलं. संशोधनात ही मंडळी नव्हती, त्यांच्यासाठी वेगळा विभाग नव्हता, आणि आजार उशिरा कळत होता. ब्रिटनमध्ये 1990 साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात किशोरवयीनांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. 2006 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या समितीने 15 ते 39 ही वयोमर्यादा अधिकृतपणे पुढे ठेवली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेने तर डोळेच उघडले. रक्ताचा तोच कॅन्सर, वय तेच 16 ते 20. ज्यांच्यावर मुलांच्या पद्धतीने उपचार झाले त्यांच्यातले 67 टक्के सात वर्षांनी जिवंत होते. मोठ्यांच्या पद्धतीने झाले त्यांच्यातले 46 टक्के. अठरा वर्षांच्या पोराला घरच्यांनी कोणत्या दारातून आत नेलं, यावर त्याचं आयुष्य ठरत होतं.

भारतात या कथेची सुरुवात मुंबईत झाली. लेडी मेहरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, त्यानंतर दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. आपल्या माणसांना त्याआधीपासून जवळचं मोठं रुग्णालय म्हणजे मिरजेचं, विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये उभं केलेलं मिशनचं. "मिरजेला नेलं" म्हटलं की आजार गंभीर आहे हे सीमाभागात अजूनही न सांगता कळतं. 1954 मध्ये मद्रासला मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून अड्यारची कॅन्सर संस्था आली, 1973 मध्ये बेंगळुरूला किदवई.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मुंबई, मद्रास आणि दिल्लीच्या केंद्रांनी अमेरिकेत काम करणाऱ्या डॉक्टर इयान मॅग्राथ यांच्याबरोबर रक्ताच्या कॅन्सरसाठी एकच उपचारपद्धत ठरवली. तिचं नाव एमसीपी-841. आपल्याकडच्या रुग्णांना झेपेल, औषधं मिळतील, अशा बेताने ती आखलेली होती आणि 25 वर्षांखालचे रुग्ण तिच्यात घेतले होते. आधी पाचातलं जेमतेम एक मूल वाचत असे, ते प्रमाण दुपटीच्याही पुढे गेलं. पश्चिमेत मधल्या वयाचा वेगळा विचार सुरू होण्याआधीच आपल्या डॉक्टरांनी विशीतल्या पोरांना मुलांच्या पद्धतीत बसवलं होतं, याचा मला अभिमान वाटतो. 1983 मध्ये याच टाटा रुग्णालयात सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. लहानपणी पोलिओ झालेले अडवाणी चाकाच्या खुर्चीतून वॉर्ड फिरत.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. राजकारण सगळ्यांना पाठ आहे. रुग्णाच्या बाजूने त्याचा अर्थ एवढाच की सरकारी कागद बेंगळुरूकडे वळले आणि नातीगोती, भाषा, ओळखीचे डॉक्टर मिरज-कोल्हापूर-मुंबईकडेच राहिले. अंतराचा तर उपयोगच नाही, परळ आणि किदवई दोन्ही साधारण 500 किलोमीटरवर. ज्याला मराठीच येते तो रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतो. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर परळचा फुटपाथ. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत तिकीट माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत असते. रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. हे न कळल्यामुळे कितीतरी घरं वर्षभर पूर्ण भाडं भरतात.

पैशाची बाजू 2010 नंतर थोडी बदलली. कर्नाटकाने वाजपेयी आरोग्यश्री त्या वर्षी कलबुर्गी आणि मग बेळगाव विभागात आणली, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला मोठ्या आजारांसाठी, कॅन्सर धरून, मोफत उपचार. 2018 पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे, गरीब कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. महाराष्ट्राने 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी सुरू केली, तीच पुढे महात्मा फुले जनआरोग्य झाली. 2023 मध्ये महाराष्ट्राने ती योजना कर्नाटकातल्या वादग्रस्त 865 गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकाने हरकत घेतली. राज्यांचं भांडण राज्यं भांडतील, पण केमोची पुढची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही.

या योजनांचा पाया म्हणजे रेशनकार्ड, आणि तरुणांची अडचण नेमकी तिथे आहे. लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली मुलगी घ्या. माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं, सासरच्या कार्डात अजून चढलेलं नाही. माहेर चंदगड तालुक्यात आणि सासर खानापूर तालुक्यात असेल तर राज्यच बदललेलं. चंदगड-खानापूर, कागल-निपाणी सोयरिकी इथे पिढ्यान्‌पिढ्या होतात. तिच्या मानेला गाठी आल्या, संध्याकाळी ताप येतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, वजन उतरतं. ही लक्षणं टीबीचीही आहेत आणि हॉजकिन लिम्फोमाचीही. आपल्या भागात टीबी जास्त, म्हणून गाठीचा तुकडा न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू होतात. सहा महिन्यांचा कोर्स होतो, गाठी तशाच राहतात. ज्या आजारात केमोने बरं होण्याची शक्यता इतकी चांगली, तिथे अर्धं वर्ष हातचं जातं. त्यात नाव नसलेल्या कार्डाची भर.

निपाणीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. तंबाखूच्या वखारी, विडीचे कारखाने, आजूबाजूच्या शिवारात तंबाखूचं पीक. गावाचा संसारच त्यावर उभा राहिला. 1981 मध्ये भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. त्या पिकाने घरं चालवली, पोरांना शिकवलं, हे कुणी नाकारू नये. पण ज्या घरात पान सुकत असतं तिथे तंबाखूचं भय उरत नाही. बायका मिश्री लावायच्या आणि मुली आईचं बघून बाराव्या-तेराव्या वर्षी तेच करायच्या. नव्वदच्या दशकात गुटख्याच्या पुड्या आल्या आणि शाळेच्या वाटेवरच्या टपरीवर लटकू लागल्या. आजोबा चुना मळून तंबाखू खायचे, त्यांचं तोंड साठीला बिघडायचं. नातवाने तेरा-चौदाव्या वर्षी पुडी फोडली, त्याचं तिशीत बिघडतं.

त्याआधी बहुतेकदा एक पायरी येते. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, पांढुरकं दिसतं, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणं कमी होतं. स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये जातात का ते बघावं. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात जावं. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सर करते, हे आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केलं. तरी "मी साधी सुपारीच खातो" हे वाक्य आजही ऐकू येतं. महाराष्ट्राने 2012 मध्ये आणि कर्नाटकाने 2013 मध्ये गुटखाबंदी केली. मग पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकायला आली. टपरीवर दोन्ही शेजारी-शेजारी टांगलेल्या असतात.

उपचार संपले म्हणजे आजार संपला, असं या वयात म्हणता येत नाही, कारण पुढे चाळीस-पन्नास वर्षं जगायचं असतं. काही औषधं शुक्राणू आणि बीजांडांवर परिणाम करतात. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं हृदयाचे स्नायू कमजोर करू शकतात आणि ते दहा-पंधरा वर्षांनीही दिसू शकतं. सिसप्लाटिनने कान आणि मूत्रपिंडं दुखावतात. हॉजकिनसाठी छातीला रेडिएशन घेतलेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे उमगल्यावर जगभर रेडिएशन आवरतं घेतलं गेलं. मुलगा असेल तर केमोच्या पहिल्या सलाइनआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. त्याला एक-दोन दिवस पुरतात. मुलीसाठी बीजांडं गोठवायला दोन-तीन आठवडे लागतात आणि खर्चही जास्त. आमच्याकडे हा विषय निघतच नाही. डॉक्टर घाईत असतात, वडील मुलासमोर बोलायला अवघडतात, आणि कित्येकदा तर मुलाला "गाठ आहे, काढली की झालं" एवढंच सांगितलेलं असतं. बावीस वर्षांच्या माणसाच्या शरीराचा निर्णय त्याच्या काका-मामांनी दाराबाहेर घ्यावा, हे मला पटत नाही. त्यालाच विचारायला हवं, आणि पहिल्या दिवशी विचारायला हवं.

मग लग्नाचा प्रश्न येतो. स्थळ आलं की फाइल कपाटाच्या तळाशी जाते. शस्त्रक्रियेचा व्रण ब्लाउजखाली झाकला जातो, केस पुन्हा येईपर्यंत मुलीला मामाच्या गावी ठेवलं जातं. मुलाच्या बाबतीत नोकरीचं. सैन्याची भरती तर गेलीच, खासगी नोकरीतही दोन वर्षांची पोकळी कशी सांगायची हा पेच. टाटा रुग्णालयात लहानपणी उपचार संपवलेल्यांसाठी 1991 पासून वेगळी ओपीडी चालते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने 2009 मध्ये अशाच बऱ्या झालेल्या तरुणांनी ‘उगम’ हा गट बांधला. त्यातली कित्येक जणं आज नव्या रुग्णांच्या खाटेपाशी बसून बोलतात, आणि त्यांच्या शब्दाला जे वजन असतं ते दुसऱ्या कुणाच्या शब्दाला येत नाही.

बेळगावात 3 जानेवारी 2025 ला केएलई या शिक्षणसंस्थेच्या कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. आता खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या पोराला प्रत्येक केमोसाठी 500 किलोमीटर जावं लागू नये, अशी आशा धरायला जागा आहे. त्याबरोबर घरच्यांनी एक काम आजच करावं. उपचार कुठेही होवोत, कोणतं औषध एकूण किती दिलं, रेडिएशन कुठे आणि किती दिलं, हे एका पानावर लिहून डॉक्टरांची सही घ्यावी, त्याच्या दोन प्रती काढाव्यात आणि एक रुग्णाच्या स्वतःच्या हातात द्यावी. मुलगी असेल तर ते पान सासरी तिच्याबरोबर जावं. बाळंतपणाच्या वेळी हृदयाची तपासणी आधी करायची की नाही, हे तिथला डॉक्टर त्या पानावरून ठरवेल.