शकुंतलेचे ओस थांबे : पार्श्वभूमी

लाखपुरी, बनोसा, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट. मूर्तिजापूर ते अचलपूर या ७६ किलोमीटरच्या छोट्या लाइनीवरचे, ‘शकुंतला’ नावाच्या गाडीचे हे थांबे. आता तिथे गाडी येत नाही. त्यांतल्या एका गावाच्या नावातच कापूस आहे, आणि या लाइनीची जन्मकथाही तीच.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि इंग्रजांना वऱ्हाडची काळी जमीन दिसली. १८६७ पर्यंत मुंबईची मोठी लाइन नागपूरला पोचली. मग १८७० च्या सुमारास खामगाव आणि अमरावतीला फाटे निघाले. आतल्या गावांचा नंबर लागला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीने सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले. थांबे ठरले ते सरकी काढायच्या जिनांकडे आणि कापसाच्या बाजारांकडे बघून. माणसं चढली ती गाडी येतच होती म्हणून.

स्वातंत्र्यानंतर मोठ्या रेल्वे सरकारी झाल्या, ही मात्र कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी चालवायची मध्य रेल्वेने, मालकी दुसऱ्याची. ‘अजूनही इंग्रजांची रेल्वे’ ही बातमी दर दोन-चार वर्षांनी फिरते, पण ती चुकीची आहे. किलिक निक्सन केव्हाच भारतीयांच्या हातात आली होती. खरी अडचण निराळी : जे रूळ आपले नाहीत, त्यांवर पैसा कोण ओतणार?

दरम्यान कापूस ट्रकवर गेला. छोट्या गाडीतल्या गाठी मूर्तिजापूरला उतरवून पुन्हा मोठ्या लाइनीच्या डब्यांत चढवाव्या लागत. ट्रकला ही दुहेरी हमाली नव्हती. मागे उरले ते मजूर, बाजाराला जाणाऱ्या बाया आणि एसटीचं भाडं न परवडणारे. थांब्यांवरची माणसंही कमी होत गेली, इतकी की गार्डच तिकिटं फाडायचा आणि सिग्नलही तोच बघायचा. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झालं आणि डिझेल आलं. वेग मात्र वाढला नाही, कारण खालचे रूळ जुनेच होते. पुढे आधी यवतमाळची गाडी थांबली, नंतर अचलपूरची.

२०१६ साली ब्रॉडगेजसाठी दीड हजार कोटींची घोषणा झाली. लाइन झाली तर आनंदच आहे, पण मोठी गाडी प्रत्येक गावाला थांबत नसते. अचलपूरला स्टेशन मिळेल. लाखपुरीला मिळेलच, असं मला वाटत नाही.